रडणारे बाळ आणि गप्प झालेले बाळ



मुलांच्या अभ्यासाच्या सवयींविषयी सुरू केलेला विषय या महिन्यात पुढे न्यायचा होता. तो पुढच्या अंकात घेऊ, इन्शाअल्लाह. आज दुसरेच सांगायचे आहे आणि ते कागदावर उतरवायला आम्हाला जवळजवळ एक वर्ष लागले.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात एक घर आहे. मुलगा आखातात नोकरीला, घरी सासू, सून आणि सात महिन्यांची एक मुलगी. मुलीला दोन दिवसांपासून उलट्या-जुलाब होत होते. मगरिबनंतर आम्ही विचारपूस करायला गेलो, तेव्हा ती पाळण्यात डोळे अर्धवट मिटून पडली होती. सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "दिवसभर रडून रडून थकली हो. आता कुठे डोळा लागलाय. निजू दे बिचारीला."

सून दारात उभी होती. ती म्हणाली, "दूध घेत नाही. दुपारपासून लंगोटही ओला झाला नाही." मग जरा थांबून, "नेऊ या का दवाखान्यात?"

सासूबाई म्हणाल्या, "बाहेर बघ केवढा पाऊस आहे. त्याला फोन लावलाय, ड्युटी सुटली की तो करेल. सकाळी नेऊ."

मग दोघींनी आमच्याकडे पाहिले. शिकलेले माणूस म्हणून पाहिले. आम्ही म्हणालो, "निजली आहे तर निजू द्या. सकाळी आम्हीही बरोबर येतो."

रात्री तीनच्या सुमारास आमचे दार वाजले. रिक्षातून तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत अल्लाहने आपली अमानत परत घेतली होती. तिथल्या डॉक्टर बाई आमच्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी सगळे नीट विचारून घेतले आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, "संध्याकाळी ती झोपलेली नव्हती. ती शुद्धीतून जात होती."

हे वाक्य तेव्हापासून आमच्या मनातून गेलेले नाही. त्या सासूबाईंना आम्ही दोष देत नाही. चार लेकरे वाढवलेली बाई ती, नातीवर जीव टाकणारी. दोष द्यायचाच तर आधी आमच्याकडे यावा. सून जे सांगत होती ते सगळे खरे होते आणि ते ऐकण्याची समज आम्हाला नव्हती. पुढे सुट्टीत आम्ही त्याच डॉक्टर बाईंना दोनदा भेटलो. गंभीर आजारी मूल तातडीच्या विभागात आले की तुम्ही काय पाहता, ते आम्हाला शिकवा, असे म्हणालो. त्यांनी शिकवले. त्यांच्याकडून आणि नंतरच्या वाचनातून जे समजले, ते आज या पानावर.

दारातूनच पाहायच्या तीन गोष्टी

आम्हाला वाटत होते की डॉक्टर आधी नाडी, ताप, स्टेथोस्कोप याकडे वळत असतील. तसे नाही. मूल आईच्या मांडीवर असतानाच, त्याला हात लावण्यापूर्वी, अर्ध्या मिनिटात तीन गोष्टी पाहायच्या असतात. मूल कसे दिसते आहे, श्वास कसा घेते आहे आणि कातडीचा रंग कसा आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांनी ही पद्धत त्रिकोणाच्या रूपाने मांडली आणि आता ती जगभर शिकवली जाते. हा त्रिकोण पाहायला कोणतेही यंत्र लागत नाही, म्हणून तो घरातही उपयोगी पडतो.

पहिली बाजू, मुलाचे दिसणे. मूल हातपाय हलवते आहे की कापडाच्या बाहुलीसारखे लोंबते आहे? आईकडे, किल्ल्यांच्या जुडग्याकडे, दिव्याकडे नजर वळवते का? कडेवर घेतल्यावर शांत होते का? रडणे जोरकस आहे की कण्हल्यासारखे, बारीक? सांगायला गेले तर हे किती साधे आहे! पण आपल्या घरांत हिशेब नेमका उलटा असतो. जोरात रडणाऱ्या मुलाची सगळ्यांना काळजी, आणि गप्प पडलेल्या मुलाबद्दल सुटकेचा निःश्वास. जोरात रडणाऱ्या मुलाच्या छातीत निदान हवा भरते आहे, अंगात ताकद आहे. दोन दिवस आजारी असलेले मूल एकाएकी शांत झाले, तर त्याला हलवून, नाव घेऊन, तळपायाला टिचकी मारून पाहिले पाहिजे. झोपलेले मूल चिडून जागे होते, आईला शोधते, दूध ओढते. जे जागे होत नाही, किंवा डोळे उघडून परत मिटते आणि कशाकडेच पाहत नाही, ते झोपलेले नसते.

दुसरी बाजू, श्वास. यासाठी मुलाची छाती उघडी करावी लागते. झबले वर करा, गळ्यातला ताविज आणि काळा दोरा बाजूला सारा आणि उजेडात पाहा. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, बरगड्यांच्या कडेशी, आत ओढला जातो का? नाकपुड्या फुलतात का? प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्याचा आवाज येतो का? श्वासाबरोबर मान वरखाली होते का? आपल्याकडे बायका "पोट उडतंय" म्हणतात, त्यात त्यांना बरेच काही समजलेले असते. फक्त ते समजल्यावर रुग्णालयाकडे निघायचे असते.

तिसरी बाजू, कातडी. हातपाय गार पडले आहेत का, अंगावर फिकट-निळसर जाळी उमटली आहे का, ओठ निळे किंवा पांढरट दिसतात का? सावळ्या अंगावर रंगातला फरक चटकन कळत नाही. अशा वेळी ओठ, जीभ, नखे आणि तळहात पाहावेत. डॉक्टर नखावर काही सेकंद दाब देऊन सोडतात. पांढरे पडलेले नख लगेच गुलाबी झाले पाहिजे. त्याला तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, हात गार असला आणि नाडी बारीक व जलद असली, तर रक्ताभिसरण कोसळू लागले आहे असे समजून ते धावपळ सुरू करतात.

ही धावपळ का, तेही समजून घेण्यासारखे आहे. लहान मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले की त्याचे हृदय जोरात धावू लागते आणि हातापायांकडचे रक्त आखडून मेंदू आणि हृदयाकडे वळवले जाते. त्यामुळे रक्तदाब बराच वेळ ठीक राहतो. घरच्यांना वाटते, मूल तग धरून आहे. मग साठा संपतो आणि ते अगदी थोड्या वेळात कोसळते. रक्तदाब खाली येण्याची वाट पाहणे म्हणजे फार उशीर करणे. म्हणून डॉक्टर गार पडलेले हात आणि हरवलेली नजर यांना इतके महत्त्व देतात.

तसबीहवर मोजलेले श्वास

श्वास मोजता येतो, आणि तो घरातल्या कोणालाही मोजता येतो. मूल शांत असताना, दूध पीत नसताना, घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किंवा छाती किती वेळा वर येते ते मोजायचे. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करू नये, कारण लहान बाळांचा श्वास एकसारखा नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे असे आहेत. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर श्वास जलद आहे. खोकला-सर्दीबरोबर असा जलद श्वास असेल तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. छाती आत ओढली जात असेल तर त्या घटकेला निघावे.

हे खेड्यातल्या बायकांना जमेल का, असा प्रश्न कोणी विचारेल. त्याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्राने दिलेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या गावांत जेमतेम शिकलेल्या बायकांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला शिकवले. मोठे आकडे मोजण्यात अडचण येऊ नये म्हणून एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले एक साधे साधन तयार केले. पुढे त्यांनी नवजात बाळांची घरोघरी देखभाल सुरू केली. तिच्यामुळे तिथल्या नवजात मृत्यूंमध्ये सुमारे ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून भारत सरकारने ही पद्धत देशभर स्वीकारली. आज बाळंतीण घरी आल्यावर आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत ठरलेल्या दिवशी येऊन बाळ पाहून जातात, त्याचे मूळ तिथे आहे. त्या आल्या की बाळ झोपले आहे म्हणून दारातून परत पाठवू नका.

मण्यांची गोष्ट वाचली तेव्हा आम्हाला आपल्या घरातल्या आजी आठवल्या. मणी सरकवत न चुकता मोजण्याची सवय त्यांच्याइतकी कोणाला असणार! एका श्वासाला तसबीहचा एक मणी, आणि सुनेने किंवा नातवाने मिनिट सांगायचे. मिनिट संपले की मणी मोजा. एवढ्याने आजी या कामात आपल्या बाजूला येते, हा त्यातला आणखी एक फायदा.

पाणी कमी झालेले मूल

जुलाब-उलट्यांमध्ये जीव घेते ते अंगातले पाणी कमी होणे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाइन संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपातून वाटले आणि नातेवाइकांनाच ते पाजायला सांगितले. त्या छावणीतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले. तेच आजचे ओआरएस. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

पाकीट एक लिटरचे असेल तर ते संपूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे. अर्धे पाकीट एका पेल्यात, असे अंदाजपंचे करू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. अंगावरचे दूध थांबवू नये. डॉक्टर जस्ताच्या म्हणजे झिंकच्या गोळ्या देतात, त्या जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस द्याव्यात. मोठ्या माणसांची जुलाब बंद करणारी गोळी लहान मुलाला कधीही देऊ नये.

पण ओआरएस पाजत बसायचे कुठवर? डोळे खोल गेले, टाळू आत गेली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश बसू लागली, आठ तास लघवी नाही, किंवा मूल सुस्त पडून पाणीच घेईना, तर घरचा उपाय संपला. कातडी बसायला दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर पाणी फार कमी झालेले असते. त्या संध्याकाळी यातल्या तीन-चार खुणा आमच्या डोळ्यांसमोर होत्या. आम्हाला त्या वाचता आल्या नाहीत.

दोन महिन्यांखालील बाळ

या वयाचे नियम वेगळे आहेत. तान्ह्या बाळाला गंभीर संसर्ग झाला तरी ताप येईलच असे नाही. उलट अंग गार पडू शकते. काखेत तापमापक ठेवून ९९.५ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, अथवा सुमारे ९६ अंशांपेक्षा कमी असेल, तर घरी औषध देऊन पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे. कालपर्यंत नीट दूध ओढणारे बाळ आज ओढत नाही, ही एकच खूण पुरेशी मानावी. बेंबीभोवती लाली किंवा पू, जन्मल्यापासून पहिल्या २४ तासांत दिसलेली कावीळ, किंवा पुढे तळहात-तळपाय पिवळे होणे, हलवल्याशिवाय हालचाल न करणे, झटके येणे, ही सगळी तातडीची कारणे आहेत. कावीळ झालेल्या बाळाला नुसते उन्हात धरून दिवस काढू नयेत.

ताप आणि झटका यांविषयी

तापाचा आकडा आणि आजाराचे गांभीर्य यांचे गणित नेहमी जुळत नाही. १०३ ताप असलेले मूल ताप उतरल्यावर खेळू लागले, तर धीर धरता येतो. १०० ताप आणि मूल मलूल, तर धरता येत नाही. तापाबरोबर अंगावर लाल-जांभळे ठिपके असतील तर त्यावर काचेचा पेला दाबून पाहा. काचेखाली ठिपके नाहीसे होत नसतील, तर लगेच निघा. आणि पावसाळ्यात डेंग्यूची एक फसवी चाल लक्षात ठेवा. तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे शुक्र करतात आणि धोक्याचा काळ तेव्हाच सुरू होतो. ताप उतरल्यावर पोट फार दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, बेचैनी किंवा सुस्ती यांतले काहीही दिसले तर थांबू नये. तापात ॲस्पिरिन मुलांना देऊ नये. पॅरासिटामॉलही वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच.

सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापाबरोबर झटका येऊ शकतो. मुलाला एका कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि घड्याळ पाहा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ जातो, उपयोग काही नाही. झटका पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला किंवा परत आला, तर ती तातडीची बाब आहे. लगेच थांबला तरी डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायला हवे.

रांगेत आपला नंबर मागे का जातो

रुग्णालयात आम्ही एक भांडण पाहिले. हात मोडलेला एक मुलगा मोठमोठ्याने रडत होता. त्याच्या नंतर आलेल्या, शांत पडलेल्या बाळाला आधी आत घेतले. मुलाचे काका चिडले. त्यांचे चिडणे समजते, पण आत घेणाऱ्या परिचारिकेचे बरोबर होते. आलेल्या रुग्णांची अशी वर्गवारी करण्याला ट्रायाज म्हणतात. निवडणे, वेगळे करणे अशा अर्थाचा हा फ्रेंच शब्द. मुलांच्या बाबतीत तीन गट करतात. आत्ता उपचार न मिळाल्यास जीव जाईल असे, लवकर पाहायला हवे असे, आणि रांगेत थांबू शकणारे. आफ्रिकेतील मलावी या गरीब देशात, ब्लँटायर शहरातल्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलात, मुले दारात येताक्षणी अशी वर्गवारी आणि तातडीचे उपचार सुरू केल्यावर दाखल मुलांच्या मृत्यूंचे प्रमाण १० ते १८ टक्क्यांवरून ६ ते ८ टक्क्यांवर आले. महागडी यंत्रे न आणता, कोणाला आधी पाहायचे हे नीट ठरवण्यावर तिथे भर होता.

यातून आपल्यासाठी दोन धडे. आपला नंबर मागे गेला तर मनात शुक्र करावा, कारण कोणीतरी पाहून ठरवले की आपले मूल थांबू शकते. आणि आपले मूल सुस्त असेल, तर शिष्टाचार म्हणून रांगेत गप्प उभे राहू नये. "बाळ जागे होत नाही", "बाळ दूध घेत नाही", "झटका आला होता", हे पहिल्या वाक्यात सांगावे. संकोच करणाऱ्या बुरख्यातल्या आयांना आम्ही हे विशेष करून सांगतो.

जाताना बाळ गुंडाळून छातीशी धरावे. तान्हे बाळ तर आईच्या उघड्या छातीला लावून वरून पांघरूण घ्यावे. वाटेत ते गार पडणार नाही. शुद्धीत असेल आणि ओढत असेल तर अंगावर पाजत राहावे, कारण उपाशी आजारी बाळाच्या रक्तातली साखर झपाट्याने उतरते. सुस्त मुलाच्या तोंडात मात्र काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. लसीकरणाचे कार्ड, दिलेल्या औषधांच्या बाटल्या आणि मुलाचे शेवटचे वजन बरोबर असावे. मुलांना औषध वजनावर दिले जाते. वजन माहीत नसेल तर तातडीच्या विभागात काही ठिकाणी रंगीत पट्टीने मुलाची लांबी मोजून अंदाज करतात, पण आईला आकडा पाठ असेल तर उत्तम. घरी काही काढा, भस्म, घुटी दिली असेल तर लपवू नये.

परवानगी कोणाची?

आता जे खरे सांगायचे आहे तिथे येतो. मुले वेळेवर का पोहोचत नाहीत, याचा विचार करणारे तीन दिरंगाया सांगतात. निघण्याचा निर्णय घ्यायला लागलेला वेळ, पोहोचायला लागलेला वेळ आणि पोहोचल्यावर उपचार मिळायला लागलेला वेळ. दुसरी आणि तिसरी आपल्या हातात थोडीच असते. महाराष्ट्रात १०८ ही मोफत रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकावर मोफत उपचारांची योजना आहे आणि जिल्हा रुग्णालयांत नवजात बाळांसाठी विशेष कक्ष आहेत. पण पहिली दिरंगाई घराच्या चार भिंतींत होते आणि ती सर्वस्वी आपली आहे.

त्या घरात सुनेला सगळे कळले होते. आईला बहुधा आधी कळतेच. तिच्याकडे नव्हते ते निघण्याचे बळ. पती परदेशात, हातात रोख पैसे नाहीत, सासूची हो नाही, आणि रात्रीच्या वेळी एकटीने कसे जायचे. आम्ही "चला" म्हणालो असतो तर ती त्याच पावली निघाली असती.

म्हणून आखातात असलेल्या आमच्या भावांना कळकळीची विनंती. आजच घरी फोन करा आणि आई आणि पत्नी दोघींना ऐकू जाईल असे सांगा, "मूल आजारी असेल आणि तुम्हा दोघींपैकी एकीलाही शंका आली, तर मला न विचारता निघा." घरात एका डब्यात थोडे पैसे फक्त यासाठी वेगळे ठेवा. मोहल्ल्यातल्या एका रिक्षावाल्या भावाचा नंबर भिंतीवर लिहा. मशिदीच्या जमातीने ठरवले तर रात्री गाडी काढणाऱ्या चार तरुणांची यादी करणे कठीण नाही.

दुआ करणे, दम करणे याला आमचा विरोध कसा असेल? त्या रात्री रिक्षात आम्हीही तेच करत होतो. पण आधी उंट बांधायचा आणि मग तवक्कुल करायचा, ही शिकवण आपल्यातल्या प्रत्येकाला लहानपणापासून ठाऊक आहे. हजार वर्षांपूर्वी अल-राझी यांनी मुलांच्या आजारांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली, देवी आणि गोवर यांतला फरक लिहून ठेवला. रोग्याकडे निरखून पाहणे हा आपल्या वारशाचाच भाग आहे. दुआ वाटेतही करता येते. रुग्णालयाच्या बाकावर बसूनही करता येते.

या वर्षी आम्ही आठवीच्या वर्गात घड्याळ लावून श्वास मोजायला शिकवले. दोन महिन्यांनी एका मुलीने घरी दीड वर्षाच्या भावाचे श्वास मोजले, ४४ आले. तिने हट्ट धरून आईला दवाखान्यात नेले. तिथे पोहोचेपर्यंत ताप उतरला, श्वास ३४ झाले, आणि डॉक्टरांनी साधी सर्दी आहे म्हणून परत पाठवले. घरच्यांनी तिची चेष्टा केली. दुसऱ्या दिवशी ती हिरमुसून आमच्याकडे आली. आम्ही तिला सांगितले, बेटा, तू बरोबर केलेस. दवाखान्याची एक फेरी फुकट गेली, यापेक्षा चांगली बातमी आजारी मुलाच्या घरात दुसरी नसते.

खालचे चौकोन कापून स्वयंपाकघरात, सर्वांना दिसेल असे लावा.

लगेच निघा, जर मूल:
– दूध किंवा पाणी घेत नसेल
– घेतलेले सगळे उलटून टाकत असेल
– झटके येत असतील किंवा येऊन गेले असतील
– सुस्त असेल, हलवूनही नीट जागे होत नसेल
– श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, कण्हत असेल, ओठ निळे पडले असतील
– हातपाय गार, डोळे खोल आणि आठ तास लघवी नसेल
– दोन महिन्यांखालील असून अंग गरम किंवा गार लागत असेल, किंवा दूध ओढणे कमी झाले असेल

फोन: १०८

ती सून अजून आमच्या शेजारी राहते. हे लिहिण्यापूर्वी आम्ही तिची परवानगी मागितली. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "लिहा. पण माझ्या सासूला वाईट वाटेल असं लिहू नका." आम्ही तो शब्द पाळण्याचा प्रयत्न केला आहे. वाचकांनी त्या दोघींसाठी दुआ करावी.